गच्चीवर ऊन, बिलावर मामंजी

गच्चीवरचं विजेचं सोलर सुरू होऊन आता सहा महिने झाले. गल्लीतल्या तिघीचौघींनी, ह्यांच्या कारखान्यातल्या दोघांनी आणि माझ्या चुलत बहिणीनं तेच ते प्रश्न विचारले, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या पेढीवर हिशेब लिहिते, त्यामुळे तारखा आणि आकडे वहीत होतेच. विजेतलं मला फ्यूज बांधण्यापलीकडे काही कळत नव्हतं. आताही फार कळतं असं नाही.

डिसेंबर २०२४ चं बिल तीन हजाराला वीस रुपये कमी आलं. २६२ युनिट. त्याआधीच्या मे महिन्यात ३४० युनिटला चार हजार दोनशे भरले होते. पेढीवर निवांत वेळ मिळाला तेव्हा बिलाच्या मागची बाजू वाचून काढली. पहिल्या शंभर युनिटला वहन आकारासकट सहा रुपयांच्या आत दर, आणि शंभर ओलांडले की पुढच्या युनिटला जवळजवळ दुप्पट. त्यावर स्थिर आकार, आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आमचे वरचे दीडशे युनिटच आम्हाला खात होते. ते जरी सोलरवर गेले तरी पुष्कळ, एवढाच माझा विचार होता.

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. तीनच्या पुढे कितीही बसवा, घरगुती ग्राहकाला अनुदान तेवढंच. आमच्या वापराला तीन किलोवॅट पुरतात हे हिशेबानंही जमत होतं: एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, म्हणजे तीनला बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. पावसाळ्याची तूट धरली तरी वर्षाचा मेळ बसतो.

इथवर सगळं एका रविवारी झालं. मग ह्यांनी विचारलं, "बिल कुणाच्या नावावर आहे?"

बिल मामंजींच्या नावावर होतं. मामंजी जाऊन आठ वर्षं झाली. दर महिन्याला त्यांच्या नावानं बिल येत होतं, आम्ही भरत होतो, कुणाला काही वाटत नव्हतं. पण योजनेत अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव लागतं. सोलर बसवायचा नुसता विचार जरी असेल, तरी हे वाचताय तिथूनच उठा आणि कपाटातलं बिल काढून नाव बघा. आमचे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले.

नाव बदलायचा अर्ज ऑनलाइन होतो. अवघड असतात ते कागद. मृत्यूचा दाखला होता. घरफाळ्याची पावती होती, पण ती मामंजी आणि सासूबाई दोघांच्या नावावर. मिळकत पत्रिकेचा उतारा काढावा लागला. आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत, म्हणजे धाकटे दीर, नणंद आणि खुद्द सासूबाई. दीर पुण्यात, नणंद गडहिंग्लजला. नुसतं बिलावरचं नाव बदलतंय, घर नव्हे, हे फोनवर समजावताना माझी जीभ दोनदा अडखळली. कुणी काही बोललं नाही, पण घराच्या कागदावर सह्या मागितल्या की फोनमध्ये क्षणभर शांतता होते, ती झालीच. शेवटी संक्रांतीला दोघंही घरी आले. तिळगूळ झाला, जेवणं झाली, आणि मग मी ५०० चा स्टॅम्पपेपर काढला. सह्या झाल्या. नोटरीचे ३०० वेगळे. असल्या सह्या सणाला घ्याव्यात. माणसं समोरासमोर असतात आणि तोंड गोड झालेलं असतं.

१७ जानेवारीला अर्ज भरला. पाच दिवसांनी परत आला. ह्यांच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारवर एक 'ए' जादा आहे, आणि मी पासबुक बघून भरलं होतं. चूक माझीच. मग ठरवलं की आधारवर आहे तेच खरं. बँकेत जाऊन पासबुकाचं नाव आधारसारखं करून घेतलं, त्यात एक शनिवार गेला, आणि अर्ज पुन्हा भरला. ११ फेब्रुवारीला मंजुरीचा मेसेज आला, पण नवीन नावाचं बिल हातात पडायला २४ तारीख उजाडली. योजनेच्या पोर्टलवर चालू बिल जोडायचं असतं, म्हणून तोवर थांबणं भाग होतं.

ते बिल आलं तेव्हा सासूबाईंनी आधीचं, मामंजींच्या नावाचं शेवटचं बिल माझ्याकडून मागून घेतलं आणि घडी घालून पोथीत ठेवलं. मी काही विचारलं नाही.

मधल्या दिवसांत सोलरवाले बोलावले. तिघे. पहिल्यानं गच्चीवर न चढताच १,७८,००० सांगितले. तिसऱ्याचे २,३५,०००, त्यात एक मोबाइल ॲप आणि भरपूर इंग्रजी. मधला पोरगा १ फेब्रुवारीला आला, शनिवारी दुपारी, तेव्हा अंबाबाईचा किरणोत्सव चालू होता. तो आला तसा थेट वर गेला, खिशातून खडू काढला आणि शेजारच्यांच्या टाकीची सावली जिथं पडली होती तिथं रेघ मारली. अर्ध्या तासानं पुन्हा रेघ, पुन्हा अर्ध्या तासानं. मला तो त्या खडूमुळं पटला.

सावलीचं गणित त्यानं मला समजेल असं सांगितलं. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. बागेला पाणी घालताना पाइपवर कुणी एका ठिकाणी पाय ठेवला की पुढं सगळीकडं धार बारीक होते, तसं एका पॅनेलवर सावली आली की सगळ्या माळेचा प्रवाह कमी होतो. नव्या पॅनेलमध्ये त्यावर उपाय असतात, पण सावली टाळणं सगळ्यात स्वस्त. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, सावल्या लांब पडतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जी जागा मोकळी राहते ती वर्षभर मोकळी. मे महिन्यात पाहणी केलीत तर सगळीच गच्ची उन्हात दिसते आणि फसगत होते.

आमच्या दक्षिणेला शेजारच्यांचा नारळ आहे. चार वाजता त्याची सावली बरोबर मधोमध. सासूबाई जिन्यात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "देवीच्या किरणांच्या वाटंत बिल्डिंगा येत्यात, तितं आमच्या पत्र्याच्या वाटंत नारळ आला तर काय नवल." किरणोत्सवात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांपासून वर चढतं, आणि वाटेतल्या बांधकामांचा अडथळा हा कोल्हापुरात दरवर्षीचा विषय. पोरगा हसला. नारळ तोडायचा नव्हता, शेजारच्यांशी मला आयुष्य काढायचंय. झावळ्या उतरवायला माणूस लावला, ४०० रुपये, आणि पॅनेल पश्चिमेकडून पाच फूट सरकवायचे ठरले.

खरी अडचण वेगळीच निघाली. सासूबाईंनी विचारलं, "आणि माझं वाळवण?"

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. चटणीची मिरची, संकेश्वरी आणि ब्याडगी, शिवाय कुरडया, सांडगे. सहा पॅनेल म्हणजे साधारण पंधरा फूट बाय अकरा फूट जागा. तेवढ्या जागेवर कायमची सावली म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पोरगा म्हणाला, "आजी, पॅनेल दक्षिणेच्या कडेला आठ फुटांवर उचलून घेऊ. तुमच्या मिरचीच्या दिवसांत ऊन डोक्यावर असतंय. पॅनेलची सावली पॅनेलच्याच खाली पडती, पुढं सरकत न्हाई." ते खरं आहे. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. एप्रिलमध्येही ती जेमतेम असते. म्हणजे गच्चीचा उत्तरेकडचा अर्धा भाग मिरचीला. सासूबाईंना पटलं नव्हतं. एप्रिल आल्यावर त्या स्वतः वर जाऊन बघून आल्या आणि मग मिरची टाकली.

उंच सांगाड्याचे १२,००० वाढले. मधल्याचा भाव १,९८,००० होता, तो असा २,१०,००० झाला. त्यावेळी त्यात सरासरी १३.८ टक्के जीएसटी होता. पहिल्याचे १,७८,००० स्वस्त का, हे नंतर कळलं: अनुदानाला पात्र व्हायचं तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्याला डीसीआर म्हणतात, आणि ते महाग असतात. त्याच्या कोटेशनवर ही तीन अक्षरं कुठंच नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे इन्व्हर्टर, पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारा डबा. पॅनेल ३.२४ किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर लहान असेल तर अनुदान लहान आकड्यावर मोजतात. आमचे ५४० वॅटचे सहा पॅनेल आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर. कोटेशनवर हे सगळं आकड्यात लिहून घ्या. सांगाड्याच्या पाइपची जाडीसुद्धा. का ते पुढे येतंय.

पैशाचं असं जमवलं: एक ठेव मोडून ८०,०००, माझ्या भिशीचा नंबर मार्चमध्ये लागला त्याचे ६०,०००, आणि उरलेले ७०,००० ह्यांच्या कामगार पतसंस्थेतून. तीन किलोवॅटपर्यंत विनातारण दोन लाखांपर्यंतचं बँक कर्जही योजनेत आहे, जनसमर्थ पोर्टलवरून, आणि त्याचं व्याज पतसंस्थेपेक्षा बरंच कमी. आम्ही आणखी कागद नकोत म्हणून त्या वाटेला गेलो नाही. आता मागं वळून बघताना ती घाई वाटते. सगळीच रक्कम उभी करायची असेल तर आधी बँकेत विचारा.

२५ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी, पोर्टलवर नोंदणी केली. बारा आकडी ग्राहक क्रमांक, मोबाइल, बिलाचा फोटो. मनात धास्ती होती, पण चहा निवायच्या आत झालं. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अटच नसल्यामुळं मंजुरी त्याच रात्री आली. चाळीस दिवस कागदांत घालवल्यावर हे इतकं पटकन झालं की मी मेसेज दोनदा वाचला.

३ मार्चला करार, आणखी एक ५०० चा स्टॅम्प, आणि ४२,००० आगाऊ. आम्ही ठरवलं होतं: वीस टक्के आधी, साठ टक्के माल गच्चीवर आल्यावर, वीस टक्के मीटर बसून चालू झाल्यावर. तो शेवटचा वीस टक्क्यांचा हप्ता हातचा सोडू नका.

पाडव्याला चालू करून देतो म्हणाला होता. पाडवा ३० मार्चला होता. मार्चअखेरीमुळं डीसीआर पॅनेलची ओढाताण होती, आणि २७ ला फक्त सांगाड्याचा माल आला.

आमचे हे उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर आहेत. कामावरून आले ते डबा न ठेवताच वर गेले. पाइप भिंतीला टेकवून ठेवले होते. ह्यांनी एकावरून बोट फिरवलं, तोंडाशी वाकून बघितलं.

"काय रे भावा, जाडी किती ह्याची?"

"दोन एमएम, दादा."

ह्यांनी पिशवीतून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. शर्टाच्या टोकानं जबडा पुसला, पाइपच्या तोंडाला लावला, उजेडाकडं धरला. मग दुसरा पाइप, तिसरा. मी जिन्याच्या दारात उभी होते. पोराच्या कपाळावर घाम दिसत होता, उन्हाचा की कशाचा ते माहीत नाही.

"एक पॉइंट चार."

"कंपनीचाच माल आहे दादा. एवढं-तेवढं असतंय."

"एवढं-तेवढं आमच्या जॉबला काढलं तर इन्स्पेक्शनवाला तोंडावर फेकतोय. आठ फुटावर सहा पॅनेल, एकेक तीस किलोच्या आसपास, आणि पावसाळ्यातलं वारं. परत ने."

नेला. आठ दिवस गेले. ४ एप्रिलला दुसरा माल आला, तो १.९ भरला, ह्यांनी मान डोलावली. कापलेल्या तोंडांना आणि वेल्डिंगच्या जागी जस्ताचा रंग मारून घेतला, कारण आपल्याकडच्या पावसात गंज तिथूनच धरतो. आणि स्लॅबला भोकं पाडू दिली नाहीत. वरच सिमेंटचे ठोकळे ओतून त्यात बोल्ट धरले. वॉटरप्रूफिंग फोडून पॅनेल बसवले असते तर विजेचे पैसे वाचवून गळतीला घातले असते. व्हर्नियर सगळ्यांच्या घरी नसतो, पण गल्लीत एखादा उद्यमनगरवाला असतोच. त्याला चहाला बोलवा.

८ आणि ९ एप्रिलला पॅनेल चढले. दोन दिवस, चार पोरं. इतक्या महिन्यांच्या तयारीचं काम दोन दिवसांत संपतं याचं नवल वाटत राहिलं. वायरिंगवाली पोरं मग जोतिबाच्या यात्रेला गेली. १२ एप्रिलला चैत्र पौर्णिमा होती, त्यांना अडवणार कोण. जाताना म्हणाली, "वहिनी, चांगभलं! सोमवारी येतो." बुधवारी आली, १६ ला. बोळात अर्थिंगचे तीन खड्डे झाले: एक आभाळातल्या विजेसाठीच्या दांड्याचा, एक पॅनेलकडच्या बाजूचा, एक घराकडच्या बाजूचा. तिघांची मिळून एकच अर्थिंग करतो म्हणणारा भेटला तर नाही म्हणा.

मग सगळं तयार, आणि बटण बंद.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि आपण लाइनवर बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, तो बसेपर्यंत सिस्टीम चालू करायची नसते. साध्या मीटरला वीज बाहेर जातेय की आत येतेय याचा फरक कळेलच असं नाही. आपण बाहेर दिलेली वीजसुद्धा तो आपल्याच वापरात मोजू शकतो, आणि बिल वाढतं. शिवाय परवानगीशिवाय लाइनवर वीज सोडणं धोक्याचं. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं, गच्चीवर चप्पल चिकटत होती, आणि आमचे दोन लाख वर नुसते तापत पडले होते. मी रोज संध्याकाळी वहीत लिहायची: आज अंदाजे तेरा युनिट वाया. तीन आठवड्यांनी लिहायचं बंद केलं.

त्यातले आठ दिवस एका आकड्यापायी गेले. बसवणाऱ्याला प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर पोर्टलवर भरायचा असतो, आणि पॅनेलसोबत घरमालकाचा जागेची नोंद असलेला फोटो. त्यानं एका नंबरात ८ च्या जागी ३ भरला होता. अर्ज परत आला तरी चूक कुठली ते त्याला सापडेना. हिशेब जुळत नसला की काय करायचं हे मला माहीत आहे: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टिक करायची. पॅनेल चढवायच्या आधी मी सहाही मागचे स्टिकर मोबाइलवर टिपले होते, खरं तर काही कारण नसताना. ते उपयोगी पडले. चौथ्या पॅनेलला सापडला. आमचा सांगाडा उंच म्हणून खालूनही वाचता आलं असतं. बुटक्या सांगाड्याखाली पाठीवर सरपटत जावं लागतं. २४ एप्रिलला दुरुस्त अर्ज गेला.

१३ मे, मंगळवार. मीटर बसवायला आलेल्या साहेबांनी अर्थिंग मोजलं, वायरी पाहिल्या, आणि मग घराचा मेन स्विच पाडला. त्याबरोबर इन्व्हर्टरही बंद पडला. ते म्हणाले, "हे असंच पाहिजे." सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे लाइट गेली की ह्ये बी जाणार?"

जाणार. बॅटरी नसलेलं सोलर लाइनच्या आधारानं चालतं. लाइट गेली की ते स्वतःला बंद करून घेतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. मला हे माहीत होतं, पण घरात सांगायचं राहून गेलं होतं. दोन लाख घालून लाइट गेल्यावर अंधारच, हे त्यांना दोन दिवस पचलं नाही. तुमच्याकडं जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर तो विकू नका.

दुपारी सव्वाबाराला चालू झालं. नवीन मीटरवर आयात आणि निर्यात असे दोन आकडे फिरतात. निर्यातीचा आकडा पहिल्यांदा हलला तेव्हा हे, मी आणि साहेब तिघंही वाकून बघत होतो. पहिला पूर्ण दिवस १३.४ युनिट. दुसरा १२.९. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेजारणीला वर नेऊन दाखवलं.

आणि मग पाऊस आला. २०२५ ला मान्सून किती लवकर आला ते आठवत असेल. केरळात २४ मे आणि महाराष्ट्रात २५ मे. आमच्याकडं त्याच्याही आधीपासून धो धो चालू होता. वहीत लागोपाठ लिहिलेलं आहे: ४.१, २.६, १.९, २.३. सगळा एप्रिल कडक ऊन, आणि मीटर आल्यावर आठवड्यात आभाळ. ह्यांना हसू आवरत नव्हतं, मला रडू.

पोर्टलवर काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दिसल्यावर १७ मेला अनुदानासाठी बँकेचे तपशील भरले होते. इथं आधारसारखं करून घेतलेलं पासबुक कामी आलं. एक फोन आला, अनुदान सोडायचंय, ओटीपी सांगा. दिला नाही. असले फोन येतात, आणि खरं अनुदान कुणाला ओटीपी विचारत नाही. ९ जूनला पेढीवर असताना मेसेज आला, ७८,००० जमा. त्याच संध्याकाळी पतसंस्थेचे ७०,००० फेडले. आमचा शेवटचा हिशेब असा: २,१०,००० मधून ७८,००० वजा, वर स्टॅम्प, नोटरी, झावळ्या आणि गच्चीवर पाण्याचा नळ घेतला ते धरून ३,०००. म्हणजे १,३५,०००. महिन्याला सरासरी २,६०० वाचले तर बावन्न महिने. देखभाल पाच वर्षं बसवणाऱ्याकडंच असते, योजनेची तशी अटच आहे. २२ सप्टेंबरपासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जेवले नाही म्हटलं तर खोटं होईल, पण दोन घास कमीच गेले.

जुलैत काही दिवस दीड-दोन युनिट झाले. बरा दिवस असला तर सहा-सात. त्या महिन्याचं बिल नऊशेच्या घरात आलं. ऑगस्टही तसाच. या दोन महिन्यांत आकडे बघून जीव खाली-वर करू नका, कारण उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होत राहतात आणि हिशेब ३१ मार्चपर्यंत चालतो. ३१ मार्चला जे शिल्लक उरतात ते मात्र पुढच्या वर्षात जात नाहीत, अगदी कमी दरानं विकत घेतले जातात. म्हणून गरजेपेक्षा फार मोठी सिस्टीम बसवण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबरचं बिल आलं: आयात १८८, निर्यात २२५. भरायचे स्थिर आकार वगैरे धरून दीडशेच्या आसपास. सासूबाईंना बिलाचा कागद हातात लागतो, मोबाइलवरचं त्यांना पटत नाही. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "फुकट फुकट म्हणत हुतीस, मग ह्ये दीडशे कशाचं?"

"आत्या, ते मीटर ठेवल्याचं भाडं समजा."

"मीटर त्येंचा, जागा आपली, आनि भाडं बी आपणच द्यायचं व्हय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता नोव्हेंबर. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, रात्री कुठंतरी पाचट पेटतं आणि सकाळी गच्चीवर काळ्या काडीसारखी काजळी पसरलेली असते. परवा आकडा १०.४ वर आला तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलं. वर जाऊन बघितलं तर पॅनेलवर बोट फिरवलं की काळी रेघ उठत होती. आता दर रविवारी पहाटे सहाला, ऊन यायच्या आत, शिडीवर चढून नळाचं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, साबण लावायचा नाही. काल धुतले. आज संध्याकाळी साडेपाचला खालून हाक आली, "आगं, आज किती?"

"बारा पॉइंट सहा."